पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा आणि इथरनेट जाळ्यांतील रिंग-संरक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास प्रामुख्याने कारखान्यांची उभारणी, भूसंपादन, कामगार चळवळी आणि नागरीकरण या अंगांनी लिहिला जातो. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को उभी राहिली. हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु कारखान्याच्या आत एका यंत्राला दुसऱ्या यंत्राशी बोलते करणाऱ्या तारांचाही एक इतिहास असतो, आणि त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. हे क्षेत्र अभियंत्यांचे आहे असे मानून ते सोडून दिले जाते. वस्तुतः उत्पादन थांबणे किंवा चालू राहणे, त्यातून होणारा तोटा कोणी सोसावा, आणि दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हे प्रश्न इतिहासाचेच होत.

प्रस्तुत शोधनिबंधात इथरनेट जाळ्यांतील रिंग-संरक्षणाच्या पद्धती कशा जन्मास आल्या, त्या कशा कार्य करतात आणि या पट्ट्याच्या संदर्भात त्यांचा अर्थ काय, याचा विचार केला आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मूळ तत्त्व या पट्ट्यातील कोणत्याही वायरमनला नवीन नाही, हे प्रारंभीच नमूद करावयास हवे.

विजेच्या रिंगपासून सुरुवात

औद्योगिक वसाहतीत रस्त्याच्या कडेला उभी असलेली बंद लोखंडी पेटी, म्हणजेच रिंग मेन युनिट, बोलीत आरएमयू, सर्वांनी पाहिलेली असते. भोसरी व चाकण परिसरात २२ केव्ही दाबाच्या भूमिगत वाहिन्या अशा पेट्यांतून एकमेकींना जोडलेल्या असतात. वाहिनी उपकेंद्रातून निघते, एकेका ग्राहकाला स्पर्श करीत पुढे जाते आणि फिरून उपकेंद्राकडे किंवा शेजारच्या वाहिनीकडे येते. नकाशावर पाहिल्यास हे पूर्ण वर्तुळ दिसते. प्रत्यक्षात मात्र त्या वर्तुळात एके ठिकाणी स्विच मुद्दाम उघडा ठेवलेला असतो. वर्तुळ पूर्ण मिटवले तर बिघाडाच्या जागी दोन्ही बाजूंनी प्रवाह धावतो आणि संरक्षक उपकरणांना बिघाड नेमका कोणत्या भागात आहे हे ओळखणे अवघड होते. म्हणून रिंग बांधायची, पण चालवायची ती तुटक. खोदकामात केबल तुटली की कर्मचारी बिघडलेला तुकडा दोन्हीकडून वेगळा करतो आणि तो राखीव स्विच जोडतो. पलीकडच्या कारखान्यांना उलट दिशेने वीज मिळते.

इथरनेटमधील रिंग-संरक्षण तत्त्वतः हेच होय. विजेच्या बाबतीत हे काम माणसाने जाऊन करावयाचे असल्यास काही मिनिटांपासून काही तासांपर्यंतचा अवधी लागतो. इथरनेटमध्ये तेच काम एका सेकंदाच्या विसाव्या भागात आणि कोणाचाही हात न लागता व्हावे अशी अपेक्षा असते. शिवाय वर्तुळ मिटल्यास होणारा अनर्थही वेगळ्या जातीचा आहे.

इथरनेटला वर्तुळ का सोसत नाही

इथरनेटची कल्पना अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. १९८० च्या दशकात तिचे प्रमाणीकरण झाले. मूळ इथरनेट म्हणजे एकच सामाईक तार. कार्यालयांतून दिसणारी जाड किंवा बारीक कोॲक्सिअल केबल, तिच्या दोन्ही टोकांना लावलेली टर्मिनेटरची टोपणे, आणि मध्ये कोणी एक जोडणी सोडवली की बंद पडणारी संपूर्ण ओळ, हा अनुभव जुन्या संगणक विभागांतील कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असेल. पुढे हब आले आणि १९९० मध्ये स्विच आला. इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या पहिल्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते व विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. भारतीय नावाची ही नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात सहसा एका ओळीत संपते.

स्विच हा प्रत्येक संदेशाचा, म्हणजे फ्रेमचा, पत्ता वाचतो आणि तो योग्य त्या पोर्टातून पुढे पाठवितो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टाच्या दिशेला आहे हे तो येणाऱ्या फ्रेमवरूनच शिकतो. ज्या फ्रेमचा पत्ता ठाऊक नाही किंवा जी सर्वांसाठी आहे, ती तो उरलेल्या सर्व पोर्टांतून सोडतो. आता असे स्विच वर्तुळात जोडले तर सर्वांसाठी निघालेली एक फ्रेम दोन्ही दिशांनी निघते, फिरून मूळ स्विचवर येते, पुन्हा पुढे पाठविली जाते आणि हे चक्र संपतच नाही. आयपीच्या पाकिटावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक टप्प्यावर तो एकने कमी होतो व शून्यावर पाकीट नष्ट केले जाते. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडा नाही. ती मरत नाही. अशा फ्रेम साचत जाऊन काही क्षणांत संपूर्ण जाळे त्यांनीच भरून जाते. शिवाय एकच पत्ता कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा दिसल्याने स्विचचे शिकलेले ज्ञानही निरुपयोगी ठरते. या अवस्थेला तंत्रज्ञ ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ म्हणतात. एखाद्याने मोकळी दिसणारी केबल सद्हेतूने दुसऱ्या मोकळ्या पोर्टात खोचली तरी हे वादळ उठू शकते.

याउलट टोकन रिंग व एफडीडीआय या त्याच काळातील जाळ्यांना वर्तुळ हीच मूळ रचना होती. एफडीडीआयमध्ये तर विरुद्ध दिशांनी फिरणारी दोन वलये असत आणि एक तुटले की दुसऱ्यावरून वळण घेतले जाई. स्वस्ताईमुळे इथरनेट जिंकले आणि वर्तुळात अंगभूत असलेली सुरक्षितता हरवली. ती परत मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजेच रिंग-संरक्षणाचा इतिहास होय.

स्पॅनिंग ट्री आणि तिची मर्यादा

पहिले उत्तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या स्पॅनिंग ट्री पद्धतीने दिले. जाळ्याचा आकार कसाही असो, सर्व स्विच परस्परांत निरोप पाठवून एका स्विचला मूळ मानतात आणि त्यापासून फांद्यांची रचना ठरवून जादा दुवे बंद करतात. १९९० मध्ये ही पद्धत आयट्रिपलईच्या ८०२.१डी या प्रमाणकात समाविष्ट झाली. कल्पना इतकी व्यापक होती की तिने पुढील दोन दशके इथरनेटचा पाया सांभाळला.

पण व्यापकतेची किंमत वेळेत मोजावी लागली. मूळ पद्धतीत बिघाडानंतर नवी रचना स्थिर होण्यास ३० ते ५० सेकंद लागत. कार्यालयात ई-मेल अर्धा मिनिट उशिरा आल्याने काही बिघडत नाही. असेंब्ली लाइनवर मात्र अर्धा मिनिट म्हणजे नियंत्रकांनी परस्परांचा संपर्क तुटल्याचे मानून यंत्रे सुरक्षित अवस्थेत थांबविणे, आणि मग एकेक यंत्र क्रमाने पुन्हा सुरू करणे. २००१ मध्ये आलेल्या जलद स्पॅनिंग ट्रीने हा अवधी पुष्कळ कमी केला आणि २००४ च्या सुधारित ८०२.१डी प्रमाणकाने जुनी पद्धत बाजूला सारली. तरीही मोठ्या रिंगमध्ये नेमका किती वेळ लागेल याची हमी देणे कठीणच राहिले.

नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टन येथील बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे वाढल्याने कोलमडले आणि सुमारे चार दिवस रुग्णालयास कागदी कामकाजाकडे परतावे लागले. वर्षानुवर्षे तुकडे जोडत वाढविलेले जाळे, संपूर्ण नकाशा कोणाकडेच नसणे, ही त्या घटनेची पार्श्वभूमी होती. शेड वाढत जाते तसतसे स्विच जोडत गेलेल्या भोसरीतील कारखान्यांच्या वाचकांना ती अपरिचित वाटू नये.

पन्नास मिलिसेकंदांचा वारसा

रिंग-संरक्षणाच्या साहित्यात ‘५० मिलिसेकंद’ हा आकडा वारंवार येतो. तो कारखान्यातून आलेला नाही, दूरध्वनी क्षेत्रातून आलेला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रमाणित झालेल्या एसडीएच या प्रकाशतंतूवरील पद्धतीत फायबर तुटल्यास ५० मिलिसेकंदांत वाहतूक रिंगच्या दुसऱ्या बाजूने वळविली जावी असा निकष होता. भारतात १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर आणि १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमाचा कारभार सुरू झाल्यानंतरच्या विस्तारात एसडीएचच्या रिंग हा शहरांतर्गत दूरसंचाराचा कणा होता. पुढे वाहतूक इथरनेटकडे वळू लागली तेव्हा दूरसंचार कंपन्यांनी आपला जुना निकष सोबत आणला. इथरनेट स्वस्त हवे, पण भरवसा एसडीएचचा हवा, अशी ती मागणी होती.

ही मागणी प्रथम उत्पादकांनी आपापल्या परीने पुरी केली. एक्स्ट्रीम नेटवर्क्स या कंपनीची ईएपीएस ही पद्धत ऑक्टोबर २००३ मध्ये आरएफसी ३६१९ म्हणून प्रसिद्ध झाली. कारखान्यांच्या क्षेत्रात जर्मनीतील हिर्शमनने हायपर-रिंग ही पद्धत त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आणली होती. मोक्सा, सिस्को, रॉकवेल यांच्याही स्वतंत्र पद्धती आल्या. परिणामी एका रिंगमध्ये एकाच उत्पादकाचे स्विच लावावे लागत. एकदा केलेली खरेदी पुढील दहा-पंधरा वर्षांच्या खरेदीला बांधून टाकत असे. ही केवळ तांत्रिक गैरसोय होती असे म्हणता येणार नाही.

सर्वमान्य प्रमाणके आली ती २००८ च्या सुमारास. दूरसंचारासाठी आयटीयूने जून २००८ मध्ये जी.८०३२ ही शिफारस संमत केली, तिला ईआरपीएस म्हणतात. औद्योगिक जाळ्यांसाठी आयईसी ६२४३९ याच वर्षी आले व २०१० मध्ये त्याच्या स्वतंत्र भागात एमआरपी ही रिंग पद्धत मांडली गेली. इतिहासाच्या दृष्टीने येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. चाकण-तळेगावातील मोटार कारखान्यांची मोठी पिढी नेमकी याच वर्षांतील आहे. जनरल मोटर्सचा तळेगाव प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला (तेथील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले व प्रकल्प पुढे ह्युंदाईकडे गेला), फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले, मर्सिडीज-बेंझ त्याच वर्षी चाकणला आली आणि महिंद्राचा चाकण कारखाना २०१० मध्ये उभा राहिला. आकुर्डी-पिंपरीची साठच्या दशकातील पिढी रिले, पॅनेल आणि माणसाच्या हाकेवर उभी राहिली होती. नवी पिढी मात्र औद्योगिक इथरनेट उपलब्ध असताना आखली गेली. बजाजचा १९९९ चा चाकण प्रकल्प कालदृष्ट्या या दोहोंच्या मध्ये पडतो.

रिंग-संरक्षणाचे कार्य

जी.८०३२ चे कार्य एका काल्पनिक कारखान्याच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. बॉडी शॉप, पेंट शॉप, असेंब्ली आणि युटिलिटी या चार विभागांत एकेक स्विच असून ते याच क्रमाने वर्तुळात जोडलेले आहेत असे मानू. युटिलिटी व बॉडी शॉप यांमधील दुवा हा राखीव दुवा ठरविला आहे आणि बॉडी शॉपचा स्विच त्याचा मालक आहे. नेहमीच्या स्थितीत मालक आपल्या बाजूचा पोर्ट बंद ठेवतो. तार जोडलेली असते, दिवाही लागलेला असतो, पण त्यातून वाहतूक जात नाही. आरएमयूमधील उघड्या स्विचची हीच भूमिका आहे.

आता फोर्कलिफ्टच्या धक्क्याने पेंट शॉप आणि असेंब्ली यांमधील फायबर तुटली. दोन्ही टोकांच्या स्विचना ही गोष्ट प्रकाश नाहीसा झाल्याने त्वरित कळते. जेथे मध्ये अन्य उपकरण असल्याने प्रकाश टिकून राहतो, तेथे ३.३३ मिलिसेकंदांच्या अंतराने पाठविल्या जाणाऱ्या तपासणी-फ्रेम लागोपाठ तीन न आल्यास बिघाड मानला जातो. दोन्ही स्विच प्रथम आपापला तुटका पोर्ट बंद करतात आणि मगच ‘दुवा निकामी’ असा निरोप रिंगच्या उरलेल्या दिशेने पाठवितात. हा निरोप आरंभी लागोपाठ तीनदा जातो, म्हणजे एखादा हरवला तरी काम अडत नाही, आणि नंतर दर पाच सेकंदांनी. तो मिळताच बॉडी शॉपचा स्विच राखीव दुवा उघडतो. सर्व स्विच आपले शिकलेले पत्ते पुसून टाकतात, कारण पूर्वी उजवीकडे असलेले यंत्र आता डावीकडून भेटणार असते. पत्ते पुसले नाहीत तर स्विच तुटलेल्या दिशेलाच फ्रेम फेकीत राहील. या एका पायरीचे महत्त्व वर्णनांत सहसा झाकले जाते.

परतीचा मार्ग अधिक सावध आहे. फायबर जोडली गेली तरी तिच्या किमान एका टोकाचा पोर्ट बंदच राहतो, अन्यथा क्षणभर का होईना वर्तुळ मिटेल. जुने, रेंगाळलेले निरोप ‘गार्ड टाइमर’च्या काळात दुर्लक्षिले जातात. मालक स्विच लगेच आपला दुवा बंद करीत नाही. तो काही मिनिटे, सामान्यतः पाच, वाट पाहतो. नुकती जोडलेली फायबर पुन्हा सुटली तर जाळ्याने दर क्षणी कूस बदलू नये हा त्यामागील हेतू आहे. मुदत संपल्यावर तो राखीव दुवा बंद करतो, तसे सर्वांस कळवितो आणि मगच दुरुस्त दुवा पूर्ण खुला होतो. तुटताना घाई आणि जुळताना विलंब, असा हा क्रम आहे.

५० मिलिसेकंदांची हमी मर्यादित आहे. १६ पेक्षा कमी स्विच, १२०० किलोमीटरपेक्षा कमी फायबर आणि निष्क्रिय रिंग या अटींवर ती दिलेली आहे. एमआरपीची रचना याहून वेगळी आहे. तेथे व्यवस्थापक स्विच दोन्ही दिशांनी चाचणी-फ्रेम सोडीत राहतो आणि त्या फिरून परत येईनाशा झाल्या की रिंग तुटली असे समजतो. ५० उपकरणांपर्यंतच्या रिंगसाठी त्याचा बहुप्रचलित अवधी २०० मिलिसेकंद आहे. येथे कारखान्याचे गणित सुरू होते. नियंत्रक व यंत्रभुजा यांमधील संवाद दर काही मिलिसेकंदांनी होत असेल आणि तीन फेऱ्या चुकताच संपर्क तुटला असे धरण्याची मांडणी असेल, तर २०० मिलिसेकंदांत सावरलेली रिंगही लाइन थांबविते. जाळ्याच्या अभियंत्याच्या मते संरक्षण यशस्वी झालेले असते, उत्पादन विभागाच्या मते लाइन बंद पडलेली असते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. हा अवधी शून्यावर आणणाऱ्या पीआरपी व एचएसआर या पद्धती प्रत्येक फ्रेमच्या दोन प्रती दोन मार्गांनी पाठवितात. त्या खर्चिक असल्याने वीज उपकेंद्रांसारख्या ठिकाणी त्यांचा विशेष वापर होतो.

पट्ट्यातील विषमता

या पट्ट्यातील मोठ्या कारखान्याची लाइन एकट्याच्या बळावर चालत नाही. भोसरी, तळवडे, चिखली परिसरातील लहान कारखान्यांतून येणारा माल वेळेवर आणि काही ठिकाणी नेमक्या क्रमाने पोचला तरच ती चालते. मोठ्या कारखान्यात संरक्षित रिंग असते. त्याला माल देणाऱ्या दहा-बारा कामगारांच्या शेडमध्ये मात्र अनेकदा एक साधा, कोणतीही मांडणी न करता येणारा स्विच भिंतीवरील पेटीत धूळ खात असतो. त्याला रिंग समजत नाही. त्यात वर्तुळ झाले तर वादळच उठेल. मांडणीयोग्य औद्योगिक स्विचची किंमत लघुउद्योजकाला यंत्राच्या हप्त्यापुढे अनावश्यक वाटते आणि त्याचा हा हिशेब चूक आहे असे सहजी म्हणता येत नाही. पण माल उशिरा पोचल्याबद्दलची कपात त्याच्याच बिलातून होते. पुरवठ्याच्या साखळीत बिघाडाचा खर्च ज्याच्याकडे संरक्षण कमी त्याच्याकडे सरकतो, ही बाब या तंत्रज्ञानाच्या इतिहासाबाहेरची मानता येणार नाही.

मोठ्या कारखान्यांचीही एक दुर्बलता आहे. रिंग कागदावर वर्तुळ असते, जमिनीत असेलच असे नाही. फायबरच्या जाण्याच्या व येण्याच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो आणि कोणताही प्रोटोकॉल काही करू शकत नाही. पुणे-नाशिक महामार्ग व तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यालगत जलवाहिन्या, वीजवाहिन्या आणि दूरसंचाराचे चर जेथे एकाच पट्टीत कोंबले जातात, तेथे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाल्यानंतर शहरभर ऑप्टिकल फायबर टाकण्याचे काम हाती घेतले गेले. अशा जाळ्यांचे मूल्यमापन टाकलेल्या किलोमीटरवर होते. दोन मार्ग परस्परांपासून किती दूर आहेत यावर ते होताना दिसत नाही.

त्याहूनही सूक्ष्म धोका यशातच दडलेला आहे. रिंग एकच तुटणे सोसते. पहिली तूट इतक्या सफाईने झाकली जाते की लाइनवरील कोणालाही ती जाणवत नाही. स्विच सूचना पाठवितो, परंतु ती पाहणारा संगणक एखाद्या कोपऱ्यात बंद असतो किंवा ती नोंद हजारो नोंदींत बुडून जाते. रिंग आता रिंग राहिलेली नाही, ती एक साधी ओळ झाली आहे, हे कारखान्याला महिन्यांनंतर दुसऱ्या तुटीच्या दिवशी कळते. तेव्हा दोष दुसऱ्या तुटीला दिला जातो.

यावरील उपाय जुनेच आहेत. वीजटंचाईच्या काळात मागणी विभागण्यासाठी आठवड्याची सुट्टी वेगवेगळ्या वारी देण्याची पद्धत पडली आणि पिंपरी-भोसरी भागात औद्योगिक सुट्टीचा वार गुरुवार झाला. देखभाल विभागाचे खरे काम त्याच दिवशी चालते. बेअरिंग, तेल, पट्टे, विद्युत पॅनेल यांच्या तपासणीच्या याद्या असतात. खंडेनवमीला लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत सर्वांना झेंडूचा हार मिळतो. पेटीतल्या स्विचचे नाव मात्र बहुधा दोन्ही याद्यांत नसते. रिंगची तपासणी करावयाची तर लाइन बंद असताना एक दुवा हाताने सोडवून पाहावा लागतो, राखीव दुवा उघडला का, किती वेळात उघडला, सूचना कोणाच्या टेबलावर पोचली, आणि तो दुवा पुन्हा जोडल्यावर पाच मिनिटांनी सर्व पूर्ववत झाले का, हे लिहून ठेवावे लागते. याला अर्धा तास पुरतो. त्यासाठी राखीव दुवा कोणता व त्याचा मालक स्विच कोणत्या पेटीत आहे हे दाखविणारा अद्ययावत नकाशा त्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला असावा लागतो, जसा तो आरएमयूच्या वाहिन्यांचा उपकेंद्राच्या भिंतीवर लावलेला असतो.